परतीची एसटी मिळायला हवी : खान्देशातल्या रुग्णालयात लीन पद्धत कशी राबवावी

सातपुड्यातल्या पाड्यावरून जिल्ह्याच्या दवाखान्यात आलेल्या माणसाला कुठलाही आजार असो, त्याला दोन चिंता असतात. डॉक्टर कधी भेटणार आणि परतीची गाडी कधी सुटणार. धडगाव, मोलगीकडची शेवटची गाडी गेली की रात्र स्टँडवर नाहीतर रुग्णालयाच्या व्हरांड्यात. सोबत आलेल्याची दुसऱ्या दिवसाची मजुरीही बुडते. 'रिपोर्ट उद्या घ्या' हे आपण सहज म्हणतो, पण त्याला ते परवडत नाही. मग तो उद्या येतच नाही आणि निदान अर्धवट राहतं.

म्हणून या लेखात एकच मोजमाप मध्यभागी ठेवलं आहे : बाहेरगावच्या रुग्णाचं काम एका फेरीत झालं का? लीन पद्धतीबद्दल सांगण्यासारखं खूप आहे, पण ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा पन्नासेक खाटांचं ट्रस्टचं हॉस्पिटल चालवणाऱ्यांनी सुरुवात या प्रश्नापासून करावी.

आधी थोडी पार्श्वभूमी

ही पद्धत टोयोटाच्या कारखान्यांत दुसऱ्या महायुद्धानंतर घडली. तिच्यामागे मुख्य डोकं ताइची ओनो यांचं. ग्राहकाच्या उपयोगी न पडणारं प्रत्येक काम, प्रत्येक थांबा, प्रत्येक हेलपाटा शोधायचा आणि तो काढून टाकायचा, हे तिचं सार. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन रुग्णालयाचे वरिष्ठ अधिकारी २००२ साली जपानला जाऊन हे शिकून आले आणि त्यांनी अख्खं रुग्णालय त्या रीतीने चालवायला घेतलं. आपल्याकडे मदुराईचं अरविंद नेत्र रुग्णालय १९७६ साली सुरू झालं. तिथे एका सर्जनसाठी दोन टेबलं असतात. एकावर मोतीबिंदू काढला जात असताना दुसऱ्यावर पुढचा रुग्ण तयार होतो. सर्जनचा वेळ वाट पाहण्यात जाऊ द्यायचा नाही, एवढाच त्यामागचा विचार.

एक गैरसमज मात्र पहिल्याच दिवशी दूर करा. लीन म्हणजे माणसं कमी करणं, असं कर्मचाऱ्यांच्या कानावर गेलं की खेळ संपला. कंत्राटी सिस्टर, डेटा ऑपरेटर, सफाई कामगार आधीच धास्तावलेले असतात. कामात कुठे वेळ जातो ते कोणी खरं सांगणार नाही. वैद्यकीय अधीक्षकांनी किंवा ट्रस्टींनी लेखी सांगावं : या सुधारणेमुळे कोणाचंही काम जाणार नाही, वाचलेला वेळ रुग्णासाठी वापरला जाईल. हे लिहून द्यायची तयारी नसेल तर पुढचं वाचण्यात अर्थ नाही.

पायरी १ : एकच वाट निवडा, आणि टीममध्ये मावशींना घ्या

अख्खं रुग्णालय एकदम सुधारायला घेऊ नका. एक वाट निवडा. माझ्या मते पहिली वाट म्हणजे ओपीडीत ज्याची लॅब तपासणी होते असा रुग्ण : गेटपासून केस पेपर, डॉक्टर, लॅब, पुन्हा डॉक्टर, औषध खिडकी आणि परत गेट. यात जवळपास सगळे विभाग येतात आणि रुग्णाला फरक लगेच कळतो.

टीम सहा-सात जणांची हवी. एक मेडिकल ऑफिसर, ओपीडीच्या इंचार्ज सिस्टर, केस पेपरवाला क्लार्क, लॅब टेक्निशियन, फार्मासिस्ट आणि एक मावशी किंवा मामा, म्हणजे आया किंवा शिपाई. शेवटचं नाव बहुतेक यादीत नसतं, आणि तिथेच चूक होते. 'आते कथा जावानं?' (आता कुठे जायचं?) हा प्रश्न दिवसभर मावशींनाच विचारला जातो. लोक कुठे अडतात, कुठे चुकीच्या रांगेत उभे राहतात, कोण न तपासताच निघून जातं, हे त्यांच्याइतकं कोणालाच ठाऊक नसतं. अधीक्षकांनी रोज यायची गरज नाही, पण आठवड्यातला एक ठरलेला तास द्यायलाच हवा.

पायरी २ : केस पेपरसोबत चाला

मीटिंग हॉलमध्ये बसून प्रक्रियेचा नकाशा काढला तर प्रक्रिया कशी असायला हवी ते कागदावर येतं, ती कशी आहे ते येत नाही. जपानी लोक प्रत्यक्ष कामाच्या जागेला गेम्बा म्हणतात आणि तिथे उभं राहून बघा म्हणतात. तेच करायचं.

साधी युक्ती : केस पेपरला एक छोटी चिठ्ठी स्टेपल करा. तिच्यावर सात ओळी. गेटवर आले, केस पेपर मिळाला, डॉक्टरकडे आत गेले, रक्त दिलं, रिपोर्ट आला, डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला, औषध मिळालं. प्रत्येक टेबलावर भिंतीवरच्या घड्याळात बघून वेळ टाकायची. सगळी घड्याळं आदल्या संध्याकाळी एकसारखी लावून घ्या, नाहीतर रुग्ण डॉक्टरकडे पोचण्याआधीच बाहेर आलेला दिसेल. बाजाराचा दिवस आणि साधा दिवस, दोन्ही घ्या. रोज तीसेक चिठ्ठ्या पुरतात.

त्याशिवाय टीममधल्या प्रत्येकाने एका रुग्णासोबत गेटपासून गेटपर्यंत चालावं, शक्यतो एकटं आलेलं म्हातारं माणूस किंवा कडेवर मूल असलेली बाई निवडून. मे महिन्यात केलंत तर अधिक उत्तम. भुसावळ-जळगावच्या उन्हात दोन इमारतींमधलं उघडं अंगण किती लांब असतं ते डॉक्टरांना तेव्हाच कळतं.

चिठ्ठ्या गोळा झाल्या की सरासरी काढू नका. एखादा रुग्ण पाच तास अडकला की सरासरी बिघडते. सगळ्या वेळा लहानापासून मोठ्यापर्यंत मांडा आणि मधली वेळ घ्या. सोबत दुसरा आकडा : काम पूर्ण न होता किती जण परत गेले. माझ्या लेखी हा दुसरा आकडाच अधिक महत्त्वाचा.

पायरी ३ : गर्दी किती हे नव्हे, ती कधी येते ते पाहा

समजा सकाळची ओपीडी चार तासांची, म्हणजे २४० मिनिटांची आहे आणि रुग्ण २०० येतात. २४० भागिले २०० म्हणजे एका रुग्णामागे ७२ सेकंद. केस पेपरला ९० सेकंद लागत असतील तर एक खिडकी कमी पडणार, दोन पुरणार. कागदावर हिशेब जुळला.

पण रुग्ण मिनिटामिनिटाला एक असे येत नाहीत, ते एसटीने येतात. दोन-तीन गाड्या लागोपाठ लागल्या की पहिल्याच तासात १२० जण दारात. दोन खिडक्या तासाला ८० केस पेपर काढतात. तासाच्या शेवटी ४० माणसं रांगेत उरतात आणि शेवटच्याला अर्धा तास थांबावं लागतं. तिसरी खिडकी फक्त त्या एका तासासाठी उघडली तर रांग जवळपास उरत नाही. तो क्लार्क नंतर आपल्या मूळ टेबलावर जाऊ शकतो. नवीन पद मंजूर करून घ्यायची गरज नाही. डेपोचं वेळापत्रक आणि तालुक्याच्या बाजाराचा वार भिंतीवर लावा, पुरे.

काही गर्दी तर महिनाभर आधी ठाऊक असते. दर महिन्याच्या ९ तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाच्या गरोदर माता येणारच. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरवाशिणी गावी आलेल्या असतात आणि ओपीडी रिकामी वाटते. सण उलटला की ती भरून निघते. रजा आणि ड्युट्या हे बघूनच लावाव्यात.

क्यूआर कोड स्कॅन करून आभा खात्यातून (सरकारी डिजिटल आरोग्य खातं) टोकन काढायची सोय चांगली आहे, ती जरूर लावा. पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. डोंगरातून आलेल्या घरात स्मार्टफोन एक, तोही पोराकडे, आणि पोरगं ऊसतोडीला गेलेलं. त्या क्यूआर बोर्डाशेजारी माणूस बसवावाच लागतो.

पायरी ४ : अडते ती जागा शोधा

केस पेपरची रांग मोडली की ती डॉक्टरांच्या दाराशी जाऊन उभी राहते. यात कोणाचा दोष नाही. वाटेतल्या सगळ्यात अरुंद जागेइतकाच वेग अख्ख्या वाटेला मिळतो, आणि आपल्याकडे ती जागा बहुतेक वेळा डॉक्टर असतात. आता डॉक्टरांना 'लवकर तपासा' म्हणणं हा उपाय नव्हे. त्यांच्याकडचं जे काम दुसरं कोणी करू शकतं ते काढून घ्यायचं. वजन, बीपी, ताप, जुने कागद क्रमाने लावणं, हे रुग्ण आत जाण्याआधी बाहेरच्या टेबलावर व्हायला हवं.

त्याहून मोठा फरक पडतो तो क्रम उलटा केल्याने. मधुमेहाचा जुना रुग्ण, गरोदरपणाची ठरलेली तपासणी, हायड्रॉक्सियुरिया या औषधावर असलेला सिकलसेलचा (रक्ताचा आनुवंशिक आजार) रुग्ण, यांची कुठली तपासणी होणार हे आधीच ठाऊक असतं. तरी तो डॉक्टरांच्या रांगेत थांबतो, लॅबची चिठ्ठी घेतो, लॅबच्या रांगेत थांबतो आणि रिपोर्ट घेऊन पुन्हा डॉक्टरांच्या रांगेत येतो. मेडिकल ऑफिसरनी एकदा लेखी स्थायी सूचना काढून ठेवावी : अमुक प्रकारच्या फेरतपासणीच्या रुग्णाला सिस्टरांनी थेट लॅबला पाठवावं. रुग्ण रिपोर्ट घेऊनच डॉक्टरांसमोर बसतो आणि डॉक्टरांकडच्या दोन रांगांपैकी एक पुरती नाहीशी होते. नंदुरबारसारख्या सिकलसेलचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यात एवढा एक बदल केला तरी औषध मध्येच सोडणारे कमी होतील असं मला वाटतं, कारण दर महिन्याला पूर्ण दिवस घालवणं कोणालाच जमत नाही.

पायरी ५ : लॅबमधले ढीग लहान करा

लॅबमध्ये रिपोर्टला तास लागतात ते यंत्रामुळे नव्हे. सीबीसीचं, म्हणजे रक्तपेशी मोजण्याचं, यंत्र एका नमुन्याला एक-दोन मिनिटंच घेतं. वेळ जातो तो ढिगात. वॉर्डातले नमुने एकत्र येतात, ट्रे भरेपर्यंत थांबतात, मग सगळे तपासून सगळ्यांचे रिपोर्ट एकत्र लिहिले जातात आणि दुपारी एक माणूस ते वाटतो. सकाळी पहिलं रक्त दिलेल्यालाही शेवटच्याच्या रिपोर्टची वाट पाहावी लागते.

दर वीस मिनिटांनी जितके नमुने असतील तितके घेऊन पुढे जायचं, असा नियम करा. मामांच्या फेऱ्या वाढतील हे खरं. म्हणूनच नमुने घेण्याचं टेबल शक्य तर लॅबच्या दाराशीच आणा. साध्या ट्यूबमधलं रक्त गोठायला मात्र सुमारे अर्धा तास लागतोच, त्यानंतर ते सेंट्रिफ्यूजमध्ये जातं. तिथे घाई केली तर रिपोर्ट चुकतो. सगळा थांबा काही वाया गेलेला नसतो, हे लीन शिकवणाऱ्यांनी लॅबवाल्यांकडून शिकावं.

बाहेरगावच्या रुग्णाची ओळख इथेच उपयोगी पडते. केस पेपर काढतानाच विचारा : गाव कुठलं, परतीची गाडी किती वाजता? दूरच्या माणसाच्या केस पेपरवर पिवळा ठिपका लावा. लॅबमध्ये आणि औषध खिडकीवर पिवळे ठिपके आधी. इमर्जन्सी अर्थातच सगळ्यांच्या आधी. शहरातले लोक कुरकुर करतील, एखादा नगरसेवक फोनही करेल. कारण लिहिलेला मोठा बोर्ड खिडकीवर लावा. वाचल्यावर फारसं कोणी भांडत नाही.

दिशेसाठी पाट्यांपेक्षा जमिनीवर रंगाचे पट्टे बरे. लाल पट्टा लॅबकडे, हिरवा औषधाकडे. भिली, पावरी बोलणाऱ्या आजीला पाटी वाचता येत नसेल, पण 'लाल पट्ट्यावरून जा' एवढं तिला खुणेनेही सांगता येतं.

पायरी ६ : इमर्जन्सी ट्रॉलीपासून फाइव्ह एस

नको ते काढा, हवं ते जागेवर लावा, स्वच्छ करा, पद्धत ठरवा, ती टिकवा. फाइव्ह एसच्या या पाच पायऱ्या कायाकल्पच्या, म्हणजे सरकारी रुग्णालयांच्या स्वच्छतेच्या योजनेच्या, तपासणीला सामोऱ्या गेलेल्या प्रत्येकाला पाठ असतात, आणि बऱ्याच ठिकाणी त्या तपासणीच्या आदल्या रात्रीच केल्या जातात. कपाटांपासून सुरुवात करू नका, इमर्जन्सी ट्रॉलीपासून करा.

वरचा खण उघडून बघा. ॲट्रोपिनशेजारी ॲड्रिनलिन, खाली दोन मुदत संपलेले अँप्यूल, कोणाचं तरी पेन, चिकटपट्टीचा तुटका रोल, लॅरिंगोस्कोपची (श्वासनलिकेत नळी घालताना घसा बघायचं उपकरण) बॅटरी उतरलेली. सगळं टेबलावर ओता. काय ठेवायचं ते मेडिकल ऑफिसर आणि इंचार्ज सिस्टर मिळून ठरवतील. प्रत्येक औषधाला खाचा केलेली जागा, खाचेवर नाव आणि संख्या. जागा रिकामी दिसली की औषध संपलं, मोजत बसायला नको. मुदत आधी संपणारं पुढे ठेवा. दिसायला सारखी अँप्यूल शेजारी ठेवू नका. तीव्र पोटॅशियम क्लोराइड वॉर्डाच्या ट्रॉलीत मुळीच नको. मग ट्रॉलीला नंबर असलेलं प्लास्टिक सील लावा. सील शाबूत असेल तर प्रत्येक पाळीत फक्त नंबर तपासायचा, लॅरिंगोस्कोपचा दिवा पेटवून बघायचा आणि सही करायची. सील तुटलेलं असेल तर पूर्ण तपासणी.

नावाची चिठ्ठी लावण्याचं काम क्षुल्लक वाटत असेल तर व्हर्जिनिया मेसनमध्येच २००४ साली काय झालं ते लक्षात ठेवा. लीनची दोन वर्षं झालेली असताना तिथे एका रुग्ण महिलेला तपासणीच्या कॉन्ट्रास्ट द्रवाऐवजी (रक्तवाहिन्या एक्स-रेत दिसाव्यात म्हणून टोचतात तो) जंतुनाशक टोचलं गेलं आणि ती दगावली. दोन्ही द्रव रंगहीन होते आणि भांड्यांवर नावं नव्हती. रुग्णालयाने ते लपवलं नाही, जाहीर केलं, आणि रुग्णसुरक्षा हेच पहिलं उद्दिष्ट ठरवलं. त्यांच्याकडे कोणताही कर्मचारी धोका दिसताच काम थांबवू शकतो. टोयोटाचा कामगार दोरी ओढून असेंब्ली लाइन थांबवतो तसंच. आपल्याकडे मावशींनी सर्जनला 'थांबा' म्हणणं किती अवघड आहे हे वेगळं सांगायला नको. सुरुवात म्हणून एवढं तरी ठरवा, की असं म्हणणाऱ्याला त्या दिवशी कोणी ओरडणार नाही, तिचं म्हणणं चुकीचं निघालं तरी.

पायरी ७ : औषधांचे दोन डबे

वॉर्डातला साठा हा नेहमीचा वादाचा विषय. स्टोअर म्हणतं इंडेंट (मागणीपत्र) उशिरा येतं, सिस्टर म्हणतात माल मिळत नाही, म्हणून त्या कपाटात लपवून ठेवतात, आणि शेवटी मुदत संपते. कानबानचा, म्हणजे टोयोटाच्या कार्ड पाठवून माल मागवण्याच्या पद्धतीचा, सोपा प्रकार इथे चालतो : प्रत्येक वस्तूचे दोन डबे. पुढचा संपला की त्यातलं कार्ड स्टोअरला जातं आणि मागचा डबा पुढे येतो.

डब्यात किती ठेवायचं त्याचा हिशेब असा. वॉर्डात रोज १२ आयव्ही सेट लागतात आणि स्टोअरचा माल जास्तीत जास्त चार दिवसांनी येतो, तर १२ गुणिले ४ म्हणजे ४८. वरती एका दिवसाचे १२ जादा. एका डब्यात ६०. पावसाळ्यात जुलाब-उलट्यांचे रुग्ण वाढले की हा आकडा वाढवा, थंडीत कमी करा. वर्षभर एकच आकडा ठेवला तर पद्धत पहिल्याच जुलैत कोसळते.

सर्पदंशावरचं प्रतिविष, ऑक्सिजन आणि प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरची औषधं यांचा साठा 'लीन' करायला जाऊ नका. शेतात काम करणारा हा प्रदेश, आणि अक्कलकुवा-धडगावचे घाट पावसाळ्यात दरड पडून बंद होतात. खुद्द टोयोटाने २०११ च्या भूकंपानंतर इलेक्ट्रॉनिक चिप्सचा साठा वाढवला होता. साठा किती ठेवायचा हे तुटवड्याचा परिणाम किती भयंकर आहे त्यावर ठरतं.

पायरी ८ : बदल छोटा करून बघा, आणि फळ्यावर लिहा

पिवळा ठिपका सगळ्या ओपीडीत एकदम सुरू करू नका. एक दिवस, एक डॉक्टर, एक खिडकी. संध्याकाळी दहा मिनिटं बसा : काय झालं, काय अडलं, उद्या काय बदलायचं. सुधारून दुसऱ्या दिवशी पुन्हा. चार-पाच वेळा घासून झालं की मगच परिपत्रक काढा. आपल्याकडे उलटं होतं, आधी परिपत्रक निघतं.

ओपीडीच्या भिंतीवर एक पांढरा फळा लावा. रोजची मधली वेळ एक ठिपका, काम अपुरं राहून गेलेले रुग्ण दुसरा ठिपका. बदल करण्याआधीच्या दिवसांची मधली रेघ आखून ठेवा. एखाद्या दिवशी आकडा चांगला आला म्हणून पेढे वाटू नका. लागोपाठ सहा ठिपके रेघेच्या खाली आले तर खरंच काहीतरी बदललं असं समजा. आणि त्याच फळ्यावर तिसरा आकडा ठेवा, तोल सांभाळणारा : आठवड्याच्या आत त्याच तक्रारीसाठी किती जण परत आले. वेग वाढवण्याच्या नादात तपासणी उथळ झाली तर हा आकडा बोलतो.

सकाळची पाळी सुरू होताना फळ्यासमोर उभ्यानेच दहा मिनिटांची बैठक. खुर्च्या आणल्या की ती अर्ध्या तासाची होते.

डिस्चार्ज, थोडक्यात

राउंडला ११ वाजता 'सोडा' म्हटलेला रुग्ण ५ वाजता निघतो, कारण कागद त्यानंतर सुरू होतात. उद्या कोणाला सोडणार याची यादी आदल्या संध्याकाळीच करा. डिस्चार्ज कार्डाचा मसुदा रात्रपाळीत, औषधं सकाळी राउंडआधी, महात्मा फुले योजनेचा रुग्ण असेल तर आरोग्यमित्रांना आदल्या दिवशीच कळवा. खाट दुपारआधी मोकळी होते आणि अपघात विभागातला माणूस स्ट्रेचरवर पडून राहत नाही.

कुठे हात लावू नये

रक्त देण्याआधी दोघांनी बाटली आणि रुग्ण पडताळणं, शस्त्रक्रियेआधी नाव आणि बाजू विचारणं, नवजात बाळाच्या हातावरची पट्टी जुळवणं. हे वेळखाऊ वाटेल, दोनदा केलेलं वाटेल, पण ते कधीही काढायचं नाही. तसंच एचआयव्ही किंवा क्षयाचं निदान सांगताना समुपदेशकाने घेतलेली वीस मिनिटं.

ओपीडीची वाट तीन-चार महिने टिकली की पुढची निवडा. तिथे ओपीडीचीच चिठ्ठी आणि ठिपके नेऊन चिकटवू नका. प्रसूती विभागात एसटीचं वेळापत्रक कामाचं नाही. कळा रात्री दोनलाही येतात, आणि तिथला पहिला प्रश्न १०८ चा फोन आल्यापासून लेबर रूम तयार व्हायला किती वेळ लागतो हा असतो. तिथली टीमही वेगळी घ्या, आणि तिच्यात रात्रपाळीच्या सिस्टर हव्यात.